शॉर्टकट बदलावेत का? बदला

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचे कीबोर्ड शॉर्टकट बदलावेत की मूळचेच पाठ करावेत, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटमध्ये टिपणं लिहिताना व्हिम या दुसऱ्या एडिटरच्या कमांड का चालत नाहीत. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘टीम लीड म्हणतात मूळचेच शीक, दुसऱ्याच्या मशीनवर बसलास तर काय करशील?’ हेच वाक्य मी बेंगळुरात ऐकलंय, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो.

बदला. टीम लीडच्या परवानगीची गरज नाही.

मी बेळगावातल्या अनगोळचा. डिप्लोमाच्या सुट्टीत उद्यमबागेत काकांच्या शेडमध्ये लेथवर उभा राहायचो. पट्ट्यावर चालणारा जुना लेथ, पट्ट्यावर जाळी नव्हती. पंपाचं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, बांधलं होतं, फेसिंग म्हणजे तोंड सपाट करणं चाललं होतं, आणि माझ्या डाव्या करंगळीचं वरचं पेर पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेलं. पुढं मी कॉम्प्युटरकडे वळलो त्याचं हे एक कारण.

त्या शेडमधले मिस्त्री कानडी, हुक्केरीकडचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. स्वतःचे टूल बिट, म्हणजे लेथवर धातू कापायची पाती, ते फडक्यात गुंडाळून आणायचे. दुकानातून आलेला बिट तसाच कधी लावायचे नाहीत. ग्राइंडरवर धरून बीडासाठी वेगळा कोन काढायचे, माइल्ड स्टीलसाठी वेगळा. नव्या पोरानं त्यांचा बिट उचलला तर काढून घ्यायचे आणि त्याला त्याचा स्वतःचा घासायला लावायचे. ‘टूल कैगे होंदबेकु नोडप्पा,’ म्हणायचे. हत्यार हाताला जुळलं पाहिजे बघ. उद्यमबागेत कुणी कधी मामांना म्हटलं नाही, की दुकानातला बिट आहे तसाच वापरा, उद्या दुसऱ्याच्या लेथवर उभं राहावं लागलं तर काय कराल?

मग मी बेंगळुरात नोकरीला लागलो. दिवसभर कंट्रोल दाबायचा, तोही त्याच करंगळीनं. थोटकानं कळ दाबली की मनगटापर्यंत सणक जायची. लिनक्सवर मी डावा कंट्रोल आणि डावा आल्ट यांची अदलाबदल केली. कंट्रोल अंगठ्याखाली आला आणि आठवड्याभरात हात शांत झाला. व्हिममध्ये टाइप करायचा इन्सर्ट मोड आणि कमांड द्यायचा नॉर्मल मोड वेगळे असतात, एकातून दुसऱ्यात जायला एस्केप. त्या एस्केपसाठी इन्सर्ट मोडमध्ये ‘जेके’ लावलं, लीडर की, म्हणजे स्वतःच्या शॉर्टकटांआधी दाबायची कळ, स्पेसवर आणली. एक दिवस जेवून परत आलो तर मशीन पहिल्यासारखं, माझी व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल, रिकामी. सीनियर म्हणाले, ‘इथं सगळे स्टँडर्ड वापरतात. तुझ्या मशीनवर मला बसावं लागलं तर?’ माझा हात टेबलावरच होता, त्यांनी बघितला नाही. मीही सांगितलं नाही. नवीन होतो.

तेव्हा बोललो नाही ते आता तुम्हाला सांगतो. स्टँडर्ड म्हणजे कुठलं? बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या पडदा-कीबोर्डावर. त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते, म्हणून कर्सर त्या कळांनी हलतो. आज जिथं टॅब आहे तिथं त्यावर एस्केप होतं, आणि आज जिथं कॅप्स लॉक आहे तिथं कंट्रोल. १९८१ च्या आयबीएम पीसीवरही कंट्रोल ‘ए’च्या शेजारीच होता. कॅप्स लॉक तिथं येऊन बसला आणि कंट्रोल खाली कोपऱ्यात गेला तो नंतर, १०१ कळांच्या कीबोर्डावर. म्हणजे कळा जागेवरून हलल्या आणि शॉर्टकट होते तिथंच राहिले. आपण ‘मूळचे’ म्हणून जपतो ते दुसऱ्याच कीबोर्डासाठी केलेले आहेत. कंट्रोल अंगठ्याखाली किंवा ‘ए’च्या शेजारी नेला तर कुठला नियम मोडतो?

तुमची करंगळी धड असेल तर एकच काम आधी करा, कॅप्स लॉकचा कंट्रोल करा. विंडोजवर पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरनं होतं, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर ट्वीक्समधून, मॅकवर मॉडिफायर कीजमध्ये. निम्मा त्रास इथंच जातो आणि एडिटरला हातही लावावा लागत नाही.

मग व्हीएस कोड. कंट्रोल के, कंट्रोल एस दाबून यादी तुम्ही उघडली असणारच. खरं काम कीबाइंडिंग्ज डॉट जेसन या शॉर्टकटांच्या फाइलमध्ये आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं ‘व्हेन’, म्हणजे शॉर्टकट कधी लागू व्हायचा ती अट. टर्मिनल उघडायला मूळ शॉर्टकटमध्ये कंट्रोल आणि बॅकटिक आहे, बॅकटिक म्हणजे परत करंगळी. मी ते एफ१० वर नेलं, पण डीबगिंग, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधणं, चालू नसतानाच. डीबग करताना एफ१० स्टेप ओव्हरच (पुढच्या ओळीवर जाणं) राहतं. नियम खालून वर तपासले जातात आणि जुळलेला पहिला लागू होतो, म्हणून दोन नियम भांडत असतील तर तुमचा खाली ठेवा. मूळचा काढायचा असेल तर कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह. शॉर्टकट दाबून काहीच होत नसेल तर कमांड पॅलेटमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग चालू करा, कळ कुठं अडकते ते दिसतं. आयबस या लिनक्सवरच्या भाषा टाइप करायच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत कंट्रोल स्पेस भाषा बदलायला असायचं, आणि तेच व्हीएस कोडमध्ये सजेशनला लागतं. आपल्याकडं कानडी-मराठी दोन्ही टाइप करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

दुसऱ्याच्या मशीनचं म्हणाल तर माझी फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल जपणाऱ्या साठ्यात, आहे. नव्या मशीनवर उतरवायला चहा गाळण्याएवढा वेळ लागतो. प्रत्येक ओळीवर मराठीत कमेंट आहे, का बदललं याची. आणि माझ्या मशीनवर कुणाला बसायचं असेल तर त्यांना मूळच्या सेटिंगचं वेगळं प्रोफाइल उघडून देतो. त्या सीनियरनाही दिलं असतं, त्यांनी विचारायला हवं होतं.

एवढं सांगून झाल्यावर दोन गोष्टी कबूल करतो. सर्व्हरवर एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, गेलात तर तिथं साधा व्हीआय असतो, त्यात फाइल उघडून, बदलून, सेव्ह करून बाहेर पडता आलंच पाहिजे. तेवढ्यापुरतं तुमच्या लीडचं बरोबर आहे. आणि कॉपी, पेस्ट, सेव्ह, अनडू यांना हात लावू नका, ते ब्राउझरपासून सगळीकडं तेच आहेत. दुसऱ्याची शंभर ओळींची फाइलही उचलून आणू नका. ज्या कळेनं हात दुखतो किंवा जी रोज शोधावी लागते, तेवढीच बदला.

आता इनस्क्रिप्ट. लेआउट मराठी असताना एच, जे, के, एल दाबलं की व्हिमला प, र, क, त मिळतात. नॉर्मल मोडमध्ये त्यांना अर्थच नाही, म्हणून काही होत नाही. (कानडी इनस्क्रिप्टमध्येही त्याच कळांवर तीच अक्षरं आहेत, त्यामुळं एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा येतात.) यावर व्हिममध्ये ‘लँगमॅप’ हा पर्याय आहे. कुठलं अक्षर आलं तर कुठली कळ समजायची ते त्यात लिहायचं, आणि ते नॉर्मल मोडमध्ये लागू होतं, टाइप करताना मध्ये येत नाही. माझं ‘जेके’ मात्र मराठीत ‘रक’ होतं. ते एस्केपला लावलंत तर ‘रक्कम’ लिहिताना दर वेळी इन्सर्ट मोडमधून बाहेर फेकले जाल. मराठीत लिहिताना मी एस्केपसाठी कंट्रोल आणि डावा चौकटी कंस वापरतो. तो चालला नाही तर लेआउट इंग्रजीवर आणून दाबा. लँगमॅपमध्ये आधी ही चारच अक्षरं भरा, प, र, क, त, आणि एखादं टिपण लिहून बघा.