आयटीआय मशिनिस्ट झालेल्या मुलीला सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या धातुकामाच्या मशीनवर) कायम नोकरी मिळते का?

मिळते. पण ऑपरेटर म्हणून मिळालेली नोकरी आणि कायम नोकरी यांत मोठं अंतर आहे. पुण्याच्या पट्ट्यात मुलींना घेणारे कारखाने आता आहेत. टाटा मोटर्सने तर हॅरियर-सफारीची लाइनच महिलांच्या हाती दिली. अडचण पुढे येते. अनेकींना अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून घेतात, मुदत संपली की दुसरी बॅच. म्हणून मुलाखतीतच विचारा: कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? नेमणूकपत्र हातात घ्या, पीएफ कोणाच्या नावाने कापला जातो ते बघा.

दुसरं म्हणजे नाइट शिफ्ट. 1948च्या कारखाना कायद्यात महिलांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला बंदी होती, आणि त्याच कारणावरून मुलींना सर्रास डावललं गेलं. 2020ची कामगार सुरक्षा व आरोग्य संहिता, जी नोव्हेंबर 2025मध्ये लागू झाली, संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी करू देते. बस गेटपर्यंत येते का, हे नक्की विचारा.

ताकदीचं म्हणाल तर जड जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) होइस्टने, म्हणजे उचलायच्या यंत्राने उचलतात, पुरुषांनीही तसाच उचलायचा असतो. खरा कस सेटिंगमध्ये, म्हणजे मशीन कामासाठी लावण्यात. मायक्रोमीटरवर व्यास 0.02 मिमी जास्त दिसला, तर टूलचा ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) किती आणि कुठल्या दिशेला द्यायचा, हे ज्या मुलीला न विचारता जमतं तिला सहजासहजी कोणी सोडत नाही. नुसती बटणं दाबायला ठेवलं असेल तर सेटरच्या शेजारी उभं राहून शिकून घ्या, पहिल्याच वर्षी.