सीआयएफ चुकलंय, आणि मुलगा गप्प आहे

पत्राचा गोषवारा: मुलगा २३ वर्षांचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. चौदा महिन्यांपासून एका कंपनीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम करतोय. वडिलांच्या मते ही कारकुनी आहे. ‘मॅनेजमेंट अँड इंटरनॅशनल बिझनेस’ या विषयात परदेशी विद्यापीठातून एक वर्षाचं मास्टर्स करायचं ठरलं आहे. अर्ज महिनाअखेरीस जाणार. सोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज (हा अभ्यासक्रम का करायचा, हे अर्जदाराने सांगायचं निवेदन) वडिलांनी लिहिलंय, मुलाने वाचून ‘ठीक आहे’ म्हटलंय. त्याची प्रत पत्राला जोडली आहे. प्रश्न असा की हे मास्टर्स करून मग एमबीए करावं, की थेट एमबीए?

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. मी मात्र पहिल्या पानावरच अडकलो.

तिथे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की परवा तो रात्री साडेअकरापर्यंत ऑफिसात होता, आणि कशासाठी, तर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या शिपिंग कंपनीच्या पावतीवर, वजन १८,२४० किलो होतं आणि पॅकिंग लिस्टवर १८,४२०. ‘दोन आकडे इकडचे तिकडे झाले म्हणून अर्धी रात्र! यासाठी शिकवलं का याला?’

त्या रात्री काय घडत होतं ते सांगतो. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेने विक्रेत्याला दिलेली पैशांची हमी. या व्यवहारात बँक माल बघायला जात नाही, ती फक्त कागद बघते. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६०० ही नियमावली २००७ पासून लागू आहे आणि जगभरच्या बँका तिच्यावर चालतात. कागद हातात पडल्यावर तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवस मिळतात. एका कागदावरचा तपशील दुसऱ्याशी जुळत नसला की ती पैसे देणं नाकारू शकते. मग खरेदीदाराची मनधरणी करायची. दरम्यान बाजारभाव उतरला असेल तर तो नेमकी हीच वेळ साधून सूट मागतो. माल समुद्रात, पैसे अधांतरी. शिवाय एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोचायला हवेत, म्हणजे शिपिंग कंपनीकडून दुरुस्त बिल ऑफ लेडिंग मिळवायलाही वेळ मोजकाच. तुमच्या मुलाने ही विसंगती कागद बँकेत जायच्या आधी पकडली. अख्ख्या कंटेनरचे पैसे त्या दोन आकड्यांत अडकले असते. याला कारकुनी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि एक विचारू? हे आकडे तुम्हाला कुणी सांगितले? तुम्ही काही त्याच्या ऑफिसात नव्हता. तो रात्री घरी आला आणि त्यानेच सांगितले, तेही किलोसकट. ज्या कामाचा कंटाळा आलाय त्याची गोष्ट माणूस आकड्यांनिशी सांगत नाही. तो ‘उशीर झाला, जेवतो आणि झोपतो’ एवढंच म्हणतो.

आता दुसरा कागद, तुम्ही लिहिलेलं स्टेटमेंट. भाषा छान आहे, जरा जास्तच छान. तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या तोंडी एक वाक्य आहे: सीआयएफ अटीवर माल पोचायच्या बंदरापर्यंत जोखीम विक्रेत्याची असते, हे मी कामातून शिकलो. हे साफ चूक आहे. सीआयएफ म्हणजे किंमत, विमा आणि भाडं: यात विक्रेता पोचायच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो. जोखीम मात्र माल जहाजावर चढला की तिथेच खरेदीदाराकडे जाते. खर्च आणि जोखीम कुणाची ते ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० या नियमावलीतल्या अकरा अटींपैकी नवख्याला सर्वांत आधी फसवणारी हीच, आणि म्हणून त्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण पहिल्या काही आठवड्यांत ती घोटून घेतो. तुमच्या मुलाला हे माहीत नसणं शक्यच नाही.

तरीही तो ‘ठीक आहे’ म्हणाला.

परक्याच्या पॅकिंग लिस्टमधले दोन आकडे ज्याला झोपू देत नाहीत, त्याने स्वतःच्या नावाने जाणाऱ्या कागदावर ढळढळीत चूक राहू दिली. ही बेफिकिरी वाटत असेल तर तुम्ही मुलाला ओळखलं नाही. तो कागद त्याने आपला मानलेलाच नाही. तुम्ही लिहिलाय, तुम्हीच पाठवणार आहात, त्यात दुरुस्ती सुचवली तर चर्चा होणार, चर्चेत त्याचं म्हणणं निघणार, आणि ते ऐकलं जाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. ‘तो हो-नाही काहीच स्पष्ट बोलत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तो पुरेसं स्पष्ट बोललाय.

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ सहा वेळा आलंय, मी मोजलं. ‘त्याला वाटतं’ एकदाही नाही. मेहुण्यांच्या मुलाचा उल्लेख तीनदा. आणि एक वाक्य तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार: ‘कुणी विचारलं मुलगा काय करतो, तर सांगताना अवघडल्यासारखं होतं.’ अहो, मग ही पदवी तुम्हाला हवी आहे. तुमचं अवघडलेपण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर उतारा म्हणून शिक्षणाचं कर्ज मुलाने डोक्यावर घ्यायचं, हे गणित मला पटत नाही.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा, कारण तुमच्या पत्राचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. अभ्यासक्रमाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून नोकरी परदेशात मिळेल, असं तुम्ही गृहीत धरलंय. पदवीचं नाव बघून कुठलाही देश कामाचा परवाना देत नाही. तिथे तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक आहात, भाषा, पगार, आणि तुमच्यासाठी कागदपत्रांची कटकट सोसायला तयार असलेली कंपनी, हे सगळं बघितलं जातं. शिकून झाल्यावर राहण्याची जी मुदत मिळते तिचे नियम देशोदेशी वेगळे असतात आणि सरकारं ते बदलतही असतात. इंग्रजी न बोलणाऱ्या देशात शिकवणी इंग्रजीत असली तरी ऑफिसातलं बोलणं बहुतेकदा त्या देशाच्या भाषेत चालतं, आणि एक वर्षाच्या अभ्यासात ती भाषा कामापुरती येणं अवघड. उलट आंतरराष्ट्रीय व्यापाराचं पुष्कळसं काम लोक आपापल्या देशात टेबलाशी बसून करतात. दोन खंडांतली बंदरं, बँका आणि विमा कंपन्या एका फाइलमध्ये सांभाळणारा तुमचा मुलगा आजच आंतरराष्ट्रीय व्यापारात आहे. बोर्डिंग पास नाही म्हणून तुम्हाला ते दिसत नाही, इतकंच.

आता तुमचा प्रश्न. मॅनेजमेंटमधलं मास्टर्स मुळात नुकत्या पदवीधरांसाठी, अनुभव नसलेल्यांसाठी आखलेलं असतं. एमबीए काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी. फायनान्स, मार्केटिंग, स्ट्रॅटेजी हे पायाभूत विषय दोन्हींत बरेचसे तेच. एकापाठोपाठ दोन्ही करणं म्हणजे एकाच गावाचं तिकीट दोनदा काढणं. जीमॅट ही प्रवेशपरीक्षा आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तो नोकरी सांभाळून करेल, त्याची चिंता नको.

अभ्यासक्रम वाईट आहे असं मात्र समजू नका. कंपन्या परदेशात का जातात, कशा जातात, कुठे तोंडघशी पडतात, यावर त्यात विचार करायला शिकवतात. त्यातला एक हमखास धडा तुम्हाला सांगण्यासारखा आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी सँडविक, अॅटलास कॉप्को, फासिट आणि व्होल्वो या चार कंपन्या परदेशी बाजारात कशा गेल्या ते अभ्यासलं. त्यातून १९७७ मध्ये योहानसन आणि वाल्ने यांनी जे मॉडेल मांडलं त्याचा गाभा असा: परक्या बाजाराचं कामाला येणारं ज्ञान मुख्यतः तिथे प्रत्यक्ष व्यवहार करून मिळतं, आणि कंपन्या आधी लहान पाऊल टाकतात, शिकतात, मग पुढचं टाकतात. ज्या पदवीसाठी तुम्ही त्याला टेबलावरून उठवताय, त्या पदवीच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. मला हसू आलं, तुम्हाला कदाचित येणार नाही.

म्हणून माझं उत्तर: ना हे, ना ते, निदान आत्ता नाही. अर्ज थांबवा. त्याला या खात्यात तीन वर्षं पुरी करू द्या, आणि शक्य असेल तर मधल्या काळात एलसीवरून शिपिंगकडे किंवा कस्टम्सच्या कामाकडे सरकू द्या. याच क्षेत्रात वर चढायचं असेल तर एलसीच्या कामासाठी सीडीसीएस ही आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, फ्रेट फॉरवर्डिंगसाठी, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करण्याच्या कामासाठी, फियाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डिप्लोमा आहे. दोन्ही नोकरी सांभाळून करता येतात. तीन वर्षांनी त्याला स्वतःला वाटलं की आपल्याला कागद कळतात पण सौदा का ठरला ते कळत नाही, तर मास्टर्स किंवा एमबीए जरूर करावं. तेव्हा तो विद्यापीठ स्वतः निवडेल. एएसीएसबी किंवा इक्विससारखी मान्यता आहे का आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी खरोखर कुठे लागले, हे त्यालाच विचारू दे. प्रवेश करून देणाऱ्या एजंटला नाही, विद्यापीठाला. कदाचित त्याला सप्लाय चेनचं मास्टर्स जास्त जवळचं वाटेल. कदाचित काहीच करावंसं वाटणार नाही.

एजंटला दिलेली फी बुडेल, ती बुडू द्या.

आणि एक काम आजच्या रात्रीचं. तो घरी आला की स्टेटमेंटची प्रत त्याच्यापुढे ठेवा, हातात लाल पेन द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा. सीआयएफचं काही बोलू नका. सकाळी त्यात तुमच्या किती ओळी उरल्यात ते बघा, आणि पुढचं पत्र मला त्याला लिहू द्या.