उत्तर: टिपांची पुस्तिका बांधण्याआधी परवानगी गोळा करा

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारातल्या तुमच्या वाचनालयात कोहा (वाचनालय चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर) बसवलं, स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटात ढीगभर टिपा जमल्या, आता त्यांची मराठी पुस्तिका छापायची आहे, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. स्फिंक्स, गिटलॅब वगैरे पुस्तिका बांधायची साधनं तुम्हाला येतात असं धरून चालतो. छपाईचं मात्र आज थांबवा.

अशाच कामात आम्हाला सगळ्यात महाग पडली ती एकच चूक: लोकांनी आपुलकीने लिहून दिलं, आम्ही घेतलं, पण लेखी परवानगी कुणाचीच घेतली नाही. छपाईचं अनुदान देणाऱ्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही) प्रत्येक लेखकाचं संमतिपत्र मागितलं. तोवर कुणी गाव सोडलेलं, कुणाचा नंबर बंद. किती सह्या लागतील, कोणत्या नमुन्यात, हे एकदाच सांगायला काय हरकत होती? दर खेपेला नवा शेरा मारून फाइल परत. त्यात मेहनत लोकांची वाया गेली, याचं आजही वाईट वाटतं.

मी वकील नाही, मोठा खर्च असेल तर वकिलाला दाखवा. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मजकूर लिहिणाऱ्याचाच असतो. गटात टाकला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. कलम ३०प्रमाणे परवाना लेखी लागतो. काही मंडळं ‘सर्व हक्क वाचनालयाकडे’ असा कागद करून घेतात. माझं स्पष्ट मत, ते करू नका. कलम १९प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी पुन्हा तेच दार ठोठवायचं.

त्यापेक्षा प्रत्येकाकडून ईमेलवर एवढंच घ्या: ‘कोहाबद्दल मी लिहिलेल्या टिपा आणि काढलेले स्क्रीनशॉट मी क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० या परवान्याखाली देत आहे. माझं नाव असं छापावं: ...’ ज्याला नाव नको, त्याने तसं लिहावं. बाय-एसए ४.० (नाव देऊन कुणीही वापरावं, बदललेलंही याच अटीवर द्यावं) अशासाठी की कोहा स्वतः जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे आणि २०१५पासून बाय-एसए ४.०चा मजकूर जीपीएल ३च्या कामात घेता येतो. उलट दिशेने, म्हणजे जीपीएलचा मजकूर बाय-एसएमध्ये, घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. ‘नॉन-कमर्शियल’वाला (व्यापारी वापर नको असं सांगणारा) परवाना पुष्कळांना सुरक्षित वाटतो, पण उद्या छपाईखर्चापुरती किंमत लावली तरी वाद उभा राहतो. ज्यांचा होकार येणार नाही, त्यांच्या टिपेतली माहिती स्वतः कोहावर करून बघा आणि आपल्या शब्दांत लिहा. हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नाही.

आता मजकुराकडे. ‘एक प्रकरण लिहून द्या’ म्हटलं की कुणी देत नाही, आणि दिलंच तर ते इंग्रजी मॅन्युअलचं भाषांतर असतं. अडचण मागा. कोणत्या स्क्रीनवर होतात, काय दाबलं, काय अक्षरं आली, कशाने सुटलं आणि कोहाचं व्हर्जन कोणतं. व्हर्जन ‘अबाउट कोहा’ पानावर दिसतं. कोहाचं नवं व्हर्जन मे आणि नोव्हेंबरमध्ये येतं, आकडाच वर्ष-महिन्याचा असतो (२३.११ म्हणजे नोव्हेंबर २०२३). व्हर्जन न लिहिलेली टीप दोन वर्षांनी खरी की खोटी तेच कळत नाही.

आणि टीप आहे तशी कधीच छापू नका. उदाहरण घ्या: ‘पुस्तक इश्यू होत नसेल तर मेंबरची कॅटेगरी बदला, जातं.’ जातं खरं! पण का? त्या कॅटेगरीला आणि त्या प्रकारच्या पुस्तकाला इश्यूचा नियमच घातलेला नसतो. कॅटेगरी बदलली की दुसरा नियम लागू होतो. मग परतीची तारीख आणि दंड दोन्ही चुकीचे लागतात, आणि महिनाभराने मेंबर काउंटरवर भांडायला येतो. खरा उपाय ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या इश्यू आणि दंडाच्या नियमांत आहे: सर्व शाखा, सर्व कॅटेगरी, सर्व प्रकार असा एक मूळ नियम आधी घाला. त्याआधी मेंबरशिपची मुदत संपलीय का आणि पुस्तक ‘देण्यासाठी नाही’ असं नोंदलंय का, हे बघायला सांगा. कारण लिहिलेलं नसेल अशी टीप बाजूला ठेवा, कारण सापडल्यावर घ्या.

स्क्रीनशॉट मुद्दाम बनवलेल्या खोट्या मेंबरचे काढा: नाव ‘नमुना सभासद’, मोबाइल रिकामा. गटातल्या चित्रांत खऱ्या मेंबरांचे पत्ते आणि नंबर असतातच. नुसतं धूसर करण्यावर विसंबू नका, चित्र नव्यानेच घ्या.

बडोद्यातली आणखी एक गोष्ट: आपल्याकडे मराठी बोलतानाही पुस्तकाला ‘चोपडी’ म्हणतात, परत करण्याला ‘जमा करणं’ म्हणतात. मजकुरात एकच शब्द ठेवा, पण शेवटच्या सूचीत हे सगळे शब्द द्या, नाहीतर शोधणाऱ्याला पान सापडत नाही. जुन्या टिपा श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये) असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा आणि लगेच ‘दुसर्या’, ‘सार्या’ असं काही झालंय का ते शोधा. रूपांतरात ‘ऱ्या’ हमखास मोडतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट-जे, मग डी, मग य आणि काना असा येतो.

इंग्रजी मजकुराचं भाषांतर पीओ फाइलमधून (मूळ परिच्छेद आणि त्याखाली भाषांतर अशी फाइल) करणार असाल तर मूळ परिच्छेद लहान ठेवा. मूळ इंग्रजीत एक शब्द बदलला तरी तो अख्खा परिच्छेद ‘फझी’ (पुन्हा तपासायचा) होतो, आणि छापील पानावर मराठीच्या जागी इंग्रजी उमटतं.

सगळं झालं की कच्ची प्रत कधीच कोहा न पाहिलेल्या स्वयंसेवकाला काउंटरवर द्या, २० पुस्तकं इश्यू करायला सांगा आणि बाजूला गप्प बसा. तो जिथे तुमच्याकडे वळून विचारेल, तिथे पेन्सिलने खूण करा आणि ते पान परत लिहा.