फ्लक्च्युएट होतंय म्हणजे नक्की काय होतंय?

प्रश्न असा आहे की ऑफिसात, घरात सगळेच 'फ्लक्च्युएट होतंय' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं आणि 'चढउतार' हा शब्द सगळीकडे चालेल का. सोबत तीन वाक्यं दिलीयत: व्होल्टेज फ्लक्च्युएट होतंय, सोन्याचा भाव फ्लक्च्युएट होतोय, बॉसचा मूड फ्लक्च्युएट होतो.

चढउतार छान शब्द आहे, पण या तिन्ही वाक्यांत सरसकट बसवला तर मराठी अवघडते. चढउताराला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे मोजता येईल असं काहीतरी (भाव, तापमान, रक्तातली साखर, पाण्याची पातळी) आणि दुसरी म्हणजे ते काही काळात दोन्हीकडे हललं पाहिजे, वरही आणि खालीही. दुसरी अट लोक हमखास विसरतात. सोनं महिनाभर नुसतं वरच जात असेल तर ते फ्लक्च्युएट होत नाहीये, ते चढतंय किंवा महागतंय, सरळ तसं म्हणावं. खरा चढउतार बघायचा असेल तर २०२४ च्या लोकसभा निकालाच्या वेळचा शेअर बाजार आठवा, ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला, ४ तारखेला निकालाच्या दिवशी जवळजवळ ४४०० अंकांनी आपटला आणि ५ तारखेला परत २३०० ने वर आला. इथे 'बाजारात मोठे चढउतार झाले' हे वाक्य अगदी चपखल बसतं. आणि वाक्याची ठेवण बघा, बाजारात झाले, भावात झाले. 'भाव चढउतार होतोय' असं लिहिलेलं हल्ली दिसतं ते चूक आहे, कारण चढउतार हे नाम आहे, ते 'भावात' होतात. भावालाच कर्ता करायचा असेल तर 'भाव वरखाली होतोय' किंवा 'कमी-जास्त होतोय' म्हणा, बोलताना आपण तेच म्हणतो.

अजून एक घोळ बाजारभावाच्या बातम्यांत होतो. लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की त्या दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे तीन आकडे येतात आणि किमान-कमाल मधलं अंतर बघून कोणीतरी लिहितो 'आज भावात मोठा चढउतार'. तो चढउतार नाही, ती तफावत. एकाच दिवशी गोल्टीला (म्हणजे बारीक कांद्याला) कमी आणि चांगल्या मोठ्या मालाला जास्त भाव मिळाला एवढंच त्यात आहे. सर्वसाधारण दर आठवडाभरात वर जाऊन खाली आला तर मग चढउतार म्हणा. आणि कांद्याचाच विषय निघालाय तर सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच केली, मे २०२४ मध्ये ती उठवली पण शुल्क ठेवलं, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकलं. याला कोणी 'धोरणातील चढउतार' म्हटलं तर मला फार खटकतं, कारण धोरण आपोआप हलत नाही, ते कोणीतरी बदलतं. याला मराठीत तयार शब्द आहे, धरसोड. शेतकरी तोच वापरतात आणि तोच बरोबर आहे, त्यात करणाऱ्यावरची जबाबदारीही येते.

आता व्होल्टेज. इथे 'व्होल्टेज कमी-जास्त होतंय' हेच सगळ्यात नैसर्गिक, 'विद्युतदाबात चढउतार' हे सरकारी पत्रकात ठीक आहे. पण आधी नक्की काय होतंय ते बघा, कारण वायरमनला फोन करताना शब्दाने खरंच फरक पडतो. घरात २३० च्या आसपास व्होल्ट यायला हवेत, तिथे संध्याकाळभर १७०-१८० च येत असतील तर ते 'व्होल्टेज कमी आहे', मग लाइनवर लोड जास्त आहे का, आपलं घर डीपीपासून (भागातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब टोकाला आहे का असं बघितलं जातं. पंखा मधेच जोरात मधेच हळू, किंवा थ्री-फेज जोडणीच्या घरात एका खोलीतला बल्ब मंद आणि दुसऱ्या खोलीतला नको इतका प्रखर, असं असेल तर ते 'कमी-जास्त होतंय', आणि तेव्हा न्यूट्रलची वायर लूज असण्याची शंका घेतात, त्यात टीव्ही-फ्रिज जळायची भीती असते, म्हणून थांबू नये. आणि लाईट पूर्ण जाऊन परत येत असेल तर तिसरंच, 'लाईट ये-जा करतेय'. नेटचंही तसंच, रेंज येते-जाते आणि स्पीड कमी-जास्त होतो. हे तिन्ही प्रकार 'फ्लक्च्युएट' मध्ये कोंबले की ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

बॉसच्या मूडला मात्र चढउतार नको. 'सरांच्या मूडमध्ये चढउतार होतात' हे वाचलं की भाषांतर केलंय हे लगेच कळतं. आपण म्हणतो 'सरांच्या मूडचा भरवसा नाही', 'घडीत हसतात घडीत चिडतात', फार तर 'सर लहरी आहेत'. पाऊसही लहरीच, बेभरवशाचा. दोन पर्यायांमध्ये मन अडकलं असेल तर दोलायमान, आत नुसती अस्वस्थ हालचाल असेल तर चलबिचल. खेळाडूच्या फॉर्मबद्दल तर आपण उलट्या बाजूनेच बोलतो, 'खेळात सातत्य नाही'.

ताप चढतो-उतरतो, पण हिवतापाचा एकाडएक दिवसाने येणारा ताप असेल तर 'पाळीने येतो' म्हणावं, कारण त्यात ठरलेलं वेळापत्रक आहे. समुद्राच्या भरती-ओहोटीलाही तसंच वेळापत्रक आहे, म्हणून अनियमित बदलाला 'भरती-ओहोटी' म्हणताना जरा विचार करावा. चढउतारात मात्र नियमित की अनियमित हे आपोआप येत नाही, तेच सांगायचं असेल तर 'अचानक', 'अनियमित' असं काहीतरी सोबत जोडावं लागतं.

लिंगाचं कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण ते मला फार आवडतं. बदल या अर्थी हा शब्द पुल्लिंगी आणि बहुतेक वेळा अनेकवचनी, 'साखरेत बरेच चढउतार झाले'. पण चढण्या-उतरण्याची प्रत्यक्ष क्रिया असेल तर तोच शब्द स्त्रीलिंगी होतो, 'थांब्यावर प्रवाशांची चढउतार चालू होती', 'गुडघे दुखतात म्हणून जिन्याची चढउतार बंद केलीय'. आणि 'उतारचढाव' हे हिंदीतून आलंय, मराठीत चढ आधी येतो.