21 दिवस झाले, टर्कीचं पिल्लू कुठाय?

प्रश्न : टर्कीची 12 अंडी थर्माकोलच्या खोक्यातल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. 21 दिवस झाले तरी काहीच हालचाल नाही, म्हणून 2 अंडी फोडून पाहिली. आत पिल्लं जिवंत होती. उरलेल्या 10 अंड्यांचं काय करू? मागच्या पावसाळ्यातही बरीच पिल्लं कवचाला टोच मारून आतच मेली होती.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : झाकण लावा आणि आठवडाभर एकही अंडं फोडू नका. 21 दिवस हे कोंबडीच्या अंड्याचं गणित. टर्कीला 28 लागतात. 25 व्या दिवसापर्यंत अंडी रोज 3 किंवा 5 वेळा फिरवा. आकडा विषम ठेवला की रात्रभर अंडं दर वेळी एकाच कुशीवर राहत नाही. 25 व्या दिवसानंतर फिरवणं बंद. खोक्यात पंखा असेल तर तापमान 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते, म्हणून थर्मामीटरचं टोक अंड्याच्या वरच्या पातळीला ठेवून 38.3 अंश धरा. तो तळाशी ठेवला की आकडा चुकतो आणि अंडी शिजतात.

मागच्या वेळच्या पिल्लांचा घात बहुधा पाण्याने केला. आतलं पाणी हळूहळू उडून गेलं की अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. दमट हवेत पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आत गुदमरतं. कोकणातल्या जुलैची 27 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा 37.5 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता आपोआप 47 टक्क्यांच्या आसपास येते. पहिले 25 दिवस 50 ते 55 टक्के पुरतात, म्हणजे पाण्याची वाटी तुम्हाला जवळपास नकोच. मराठवाड्यात एप्रिलमध्ये हीच वाटी काढली तर उलटा अनर्थ होईल. वाटी ठेवायचीच तर लक्षात घ्या, आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पसरटपणावर ठरते. खोल ग्लासापेक्षा बशी बरी.

अंदाजाने चालायचं नसेल तर किचनमधला वजनकाटा घ्या. टर्कीचं अंडं साधारण 85 ग्रॅमचं, म्हणजे 10 अंडी 850 ग्रॅम. 25 दिवसांत वजन 12 टक्के घटायला हवं, म्हणजे 748 ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला 28-29 ग्रॅम. त्याहून कमी घटत असेल तर पाणी कमी करा, जास्त घटत असेल तर वाढवा. 25 व्या दिवशी मात्र आर्द्रता 65 ते 75 टक्क्यांवर न्या आणि झाकण उघडू नका. टोच पडल्यावर बाहेर यायला पिल्लाला 24 तासही लागू शकतात. दर तासाला उघडून बघणाऱ्याच्या हातून आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लाला चिकटतो.

प्रश्न : खुडूक गावठी कोंबडीखाली टर्कीची किती अंडी ठेवावीत?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : 5, फार तर 6. पिसांबाहेर एकही अंडं दिसता कामा नये. सोबत कोंबडीची अंडीही ठेवायची असतील तर टर्कीची 7 दिवस आधी ठेवा, नाहीतर आपली पिल्लं निघाली की ती उठून जाईल. बसवण्याआधी पिसांत उवा-गोचिडी आहेत का ते बघा. अंडी साठवलेली असतील तर आठवड्यापेक्षा जुनी नकोत, आणि धुतलेली अजिबात नकोत.

प्रश्न : टर्कीची पिल्लं छान निघाली, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून एकेक मरतंय. खाद्य समोर भरून ठेवलंय, हगवण नाही. कोणतं औषध द्यावं?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : औषध नको. एखादं मेलेलं पिल्लू हातात घ्या आणि गळ्याखालची थैली चाचपा. रिकामी, चपटी लागली तर ते उपाशी मेलंय. पोटातल्या बलकावर पहिले 2-3 दिवस निघतात, म्हणून मरतूक चौथ्या दिवसापासून दिसते. कोंबडीचं पिल्लू आपसूक टिपायला लागतं. टर्कीच्या पिल्लाची नजर अधू आणि स्वभाव बुजरा, त्याला शिकवावं लागतं.

रोज दहा-बारा वेळा बोटाने खाद्यावर टकटक करा, चोच हळूच पाण्यात बुडवा. पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत गोट्या टाका: चमकतं म्हणून पिल्लू टोचतं, आणि बुडतही नाही. खाद्यावर बारीक चिरलेली हिरवी पात भुरभुरवा. 10 पिल्लांमागे रोज 1 उकडलेलं अंडं कुस्करून आणि 1 लिटर पाण्यात 100 मिली दूध, असं 15 दिवस द्या. दुधाचं पाणी नासतं, दोनदा बदला. गटात 2-3 कोंबडीची पिल्लं सोडली की बाकीची त्यांचं बघून शिकतात, हा उपाय बरेच जण सुचवतात. पण पुढच्या उत्तरात दिलेल्या कारणासाठी तो आम्ही टाळायला सांगू.

खाली वर्तमानपत्र असेल तर आजच काढा, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. गोणपाट अंथरा, आठवड्याने भाताचं तूस. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी.

प्रथिनं सुरुवातीला 28 टक्के लागतात. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे अगदी लहान पिल्लांच्या खाद्यात, ती कमीच असतात, कमतरता अंड्याने थोडी भरून निघते. पोत्यावरचं लेबल मात्र वाचा. सॅलिनोमायसीन किंवा नॅरासीन लिहिलेलं असेल तर ते पोतं परत करा. कोंबड्यांना रक्ती हगवणीसाठी चालणारी ही औषधं टर्कीला विषारी आहेत, विशेषतः मोठ्या पक्ष्यांना. पाय लुळे पडतात.

प्रश्न : 25 गावठी कोंबड्या आहेत. त्याच परसात टर्की सोडल्या तर?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सोडू नका. कोंबड्यांच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. ब्लॅकहेड नावाच्या रोगाचा परजीवी त्याच्या अंड्यांत दडून मातीत पडतो आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतो. गांडुळंही तो बाळगतात, आणि टर्की गांडुळं आवडीने खाते. कोंबडीला फारसं काही होत नाही, टर्कीचं यकृत मात्र सडतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना गाठा. नावावर जाऊ नका, डोकं काळं पडेलच असं नाही. वेगळी जागा, वेगळी भांडी, वेगळ्या चपला आणि कोंबड्यांना नियमित जंताचं औषध, एवढं तरी हवंच. मानमोडी आणि देवीच्या लसी टर्कीलाही लागतात, वेळापत्रक दवाखान्यातून घ्या.

प्रश्न : नर-मादी ओळखायचे कसे?
– एक वाचक, पणजी

उत्तर : लहानपणी खात्रीने सांगता येत नाही. 4-5 महिन्यांत नर शेपटीचा पंखा उघडून मिरवायला लागतो आणि चोचीवरची सोंड लोंबायला लागते. गुडगुड ओरडतो तोही नरच. लांबूनच ठरवायचं असेल तर सकाळी शिट बघा: नराची लांबट, टोकाला वाकलेली, मादीची गुंडाळी केल्यासारखी.