मेसेज पाठवते, पण पालक वाचतच नाहीत

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. पुढच्या आठवड्यात काय शिकवणार, कार्यक्रम कधी, सगळं पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, तरी आदल्या रात्री "मॅडम उद्या काय आणायचंय?" असे फोन येतातच. काय करू?

उत्तर : ताई, पालक बेफिकीर नसतात हो, तुमचा मेसेज "ओके मॅडम" आणि गुड मॉर्निंगच्या खाली गाडला जातो. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकेल असं करून ठेवा, किंवा ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, पण तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो हं, हे बरेच जण विसरतात. मग आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, छोटा मेसेज. "गणित : वजाबाकी" एवढंच नको, "हातच्याची वजाबाकी सुरू होतेय, घरी मण्यांनी करून घ्या" असं लिहा, म्हणजे पालकांना काहीतरी करता येतं. कार्यक्रमाची तारीख मात्र दोन आठवडे आधी द्या, नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागते, आणि आदल्या दिवशी परत आठवण. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वाचता येत नाही त्यांना मूल घ्यायला आले की तोंडी सांगाच, नाहीतर त्यांचीच मुलं रिकाम्या हाताने येतात आणि वर्गात कोमेजून बसतात.