कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर नवीन आहात? आधी सेव्हचं बघा

उन्हाळ्यात वारं-वावधान सुटलं की आपल्या मराठवाड्यात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून आधी हेच शिका. इफेक्ट नंतर येतातच.

नवीन फाईल उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख टाकून सेव्ह करा. मग प्रत्येक मोठ्या बदलानंतर कंट्रोल-एस.

ऑप्शन्समधल्या सेव्हच्या विभागात ऑटो-बॅकअप ५ मिनिटांवर आणा. फ्लेक्सच्या जड फाईलमुळे कॉम्प्युटर अडखळत असेल तर १०. पण त्याच्यावर विसंबू नका. ही आपोआप बनलेली बॅकअप फाईल प्रोग्राम अचानक बंद पडला तरच कामाची. प्रोग्राम नीट बंद केलात की ती पुसली जाते. तिथेच सेव्ह करताना बॅकअप ठेवण्याची खूण असते, तीही करा. त्यातून आधीची सेव्ह केलेली प्रत हाती राहते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवलेली फाईल मूळ फाईलवरच सेव्ह करणं. सगळ्यात महागात पडते ती हीच. पत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव चुकलं की अक्षरं टाईप करून बदलता येत नाहीत. प्रेससाठी ‘सेव्ह ॲज’ करून वेगळी प्रत काढा.
- गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरूनच काम करणं. आधी कॉपी करून घ्या.
- सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं समजणं. बहुतेक वेळा डिस्क एकच असते, गेली की दोन्ही गेले. रोज दुकान बंद करताना बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा गुगल ड्राइव्हवर प्रत टाका.

यूपीएस घ्याच, पण तो फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता.